हाफ, फुल की मोठा बोअर? एअर-कूल्ड ९११चं इंजिन घरी बांधण्याआधी

जुन्या एअर-कूल्ड पोर्श ९११चं इंजिन खाली उतरवायचं पक्कं झालं की लगेच पुढचा प्रश्न येतो. आता खोलतोच आहोत, तर कुठवर जायचं? हेड आणि सिलिंडरपर्यंतचं हाफ इंजिन करायचं, क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच, पुढे नुसतं ‘केस’) फोडून फुल इंजिन करायचं, की त्यातच थोडी भर घालून ताकदही वाढवायची? यातली ‘थोडी भर’ सगळ्यात फसवी. या इंजिनात एक भाग बदलला की त्याच्यामागे आणखी चार बदलावे लागतात, आणि ते कोणते हे पाना हातात घेण्याआधी कळलेलं बरं.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी फुल इंजिन करावं, मूळ मापावरच बांधावं, आणि जास्तीचे पैसे सौम्य कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), चांगले स्टड (हेड आणि सिलिंडर केसला आवळून धरणारे बोल्ट) आणि मोकळा एक्झॉस्ट यांवर खर्च करावेत. मोठा बोअर (म्हणजे सिलिंडरचा वाढवलेला व्यास), दुहेरी स्पार्क प्लग आणि कार्ब्युरेटर हा वेगळ्याच माणसाचा रस्ता आहे. तो माणूस तुम्ही असू शकता, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी तुमच्याकडे कोणतं इंजिन आहे ते बघा

ही गाडी १९६३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि तिचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन १९९८पर्यंत हवेवर आणि तेलावरच थंड होत राहिलं. १९९१ सीसीपासून ३६०० सीसी आणि त्याच्याही पुढे गेलं, तरी मूळ मांडणी तीच. दोन भागांचं क्रँककेस, सहा सुटे सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र हेड, दोन्ही बाजूंना एकेक कॅम, खाली ड्राय सम्प, म्हणजे तेलाचा साठा वेगळ्या टाकीत. घरी बांधणं जमतं ते या सुटेपणामुळे. एक सिलिंडर आणि त्याचं हेड माणूस हातात सहज धरू शकतो, आणि प्रत्येक थरावर थांबून मापं घेता येतात.

| इंजिन | बोअर × स्ट्रोक (मिमी) | क्रँककेस | खोलल्यावर पहिली नजर कशावर |
|---|---|---|---|
| २.४ (१९७२–७३) | ८४ × ७०.४ | मॅग्नेशियम | मेन बेअरिंगच्या जागा, स्टडचे आटे |
| २.७ (१९७४–७७) | ९० × ७०.४ | मॅग्नेशियम | उपटून आलेले स्टड, उष्णतेने वाकलेलं केस |
| ३.० एससी (१९७८–८३) | ९५ × ७०.४ | अ‍ॅल्युमिनियम | तुटलेले खालच्या रांगेतले स्टड |
| ३.२ कॅरेरा (१९८४–८९) | ९५ × ७४.४ | अ‍ॅल्युमिनियम | झिजलेले व्हॉल्व्ह गाइड, ९ मिमीचे रॉड बोल्ट |

२.७ असेल तर बजेटचा मोठा वाटा केसच खाणार, हे धरून चाला. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे आणि त्यांना हेडसकट दाबून धरणारे लांब स्टड पोलादाचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, स्टडवर ताण येतो आणि मॅग्नेशियममधले आटे सुटतात. अमेरिकेत गेलेल्या १९७५ ते ७७च्या बहुतेक गाड्यांवर प्रदूषण कमी करायला थर्मल रिअ‍ॅक्टर बसवले होते. त्यांच्या उष्णतेने हे दुखणं आणखी वाढलं. त्यावर पोर्शने डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड काढले, जे अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास फुगतात. कल्पना बरोबर होती, पण गंज धरून हे स्टडच तुटू लागले. त्यामुळे २.७मध्ये आटे जातात आणि एससीमध्ये स्टड जातात. उपायही वेगळे: २.७च्या केसमध्ये मशीन शॉपकडून पोलादी थ्रेड इन्सर्ट बसवून घ्यावे लागतात, एससीला नवे स्टड पुरतात.

निवड करायची मोकळीक असेल, म्हणजे गाडी अजून घ्यायची असेल, तर पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याने ३.० एससी शोधावी. अ‍ॅल्युमिनियमचं केस आणि भक्कम क्रँक यांमुळे तिथे चुकीला सगळ्यात जास्त जागा आहे.

हाफ की फुल

हाफ इंजिनचं आकर्षण उघड आहे. हेड मशीन शॉपला देऊन व्हॉल्व्ह गाइड बदलून घ्यायचे, रिंग नव्या घालायच्या, चेनच्या पट्ट्या बदलायच्या, स्टड केस न फोडताही काढता येतात. १९८४च्या आधीचं इंजिन असेल तर चेन टेन्शनरही तेलाच्या दाबावर चालणारे, ३.२ कॅरेराबरोबर आलेल्या पद्धतीचे बसवता येतात. ही एक सुधारणा मात्र कुठल्याही रस्त्याने जा, सोडू नका. जुना टेन्शनर निकामी झाला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग हाफ-फुलचा निर्णय इंजिनच घेतं.

या इंजिनांचा खालचा भाग खरंच टिकाऊ आहे. गरम इंजिनावर प्रत्येक १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय तेलाचा दाब, असा ठोकताळा चालतो. दाब तेवढा असेल, फिल्टर कापून बघितल्यावर धातूचा चुरा नसेल आणि केसच्या सांध्यातून तेल येत नसेल, तर हाफ इंजिन हा आळस नाही, शहाणपण आहे. हेच निकष ३.२ला लावताना मात्र सावध राहा. तिथले रॉड बोल्ट बारीक आहेत, आणि वरचा भाग ताजा केल्यावर माणूस इंजिन जास्त फिरवतो. ताण शेवटी त्याच बोल्टांवर येतो.

फुल इंजिनमध्ये वाढतात ते मेन आणि रॉड बेअरिंग, इंटरमीजिएट शाफ्टचे (क्रँककडून कॅमच्या चेन फिरवणारा दांडा) बेअरिंग, ऑइल पंपची तपासणी आणि केसचे दोन्ही भाग पुन्हा जोडणं. मेहनत दुप्पट वाटते, पण वाढते ती मुख्यतः स्वच्छतेत. तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतला गाळ काढायचा, ऑइल कूलर धुऊन घ्यायचा. आधीचं बेअरिंग फुटलेलं असेल तर कूलर नवाच घालावा, कारण त्यात अडकलेला चुरा नवं बेअरिंग खायला परत येतो. केस जोडताना एकदा सीलंट लागलं की घड्याळ सुरू होतं, त्यामुळे ओ-रिंग, नट, वॉशर आणि टॉर्क रेंच हाताशी मांडून, कोरडी रंगीत तालीम करूनच सुरुवात करावी. केसमधून जाणाऱ्या थ्रू बोल्टच्या ओ-रिंग नीट बसल्या नाहीत तर तेलगळतीसाठी सगळं परत खोलावं लागतं.

घरी काय करायचं आणि काय बाहेर द्यायचं, यावर फार वाद नको. खोलणं, धुणं, मापणं, जुळवणं घरी. क्रँक पॉलिश करणं आणि तडे तपासणं, रॉडची भोकं मापात आणणं, गाइड आणि सीट, मॅग्नेशियम केसचं लाइन बोअरिंग (मेन बेअरिंगच्या जागा एका रेषेत आणणं) हे मशीन शॉपकडे. मशीन शॉपने सांगितलेलं प्रत्येक माप घरी पुन्हा घ्यायचं. गॅरेजपेक्षा घरी एकच गोष्ट जास्त असते, वेळ. तो खर्च करायची जागा हीच.

ताकद वाढवायची असेल तर सुरुवात हवा-इंधनापासून

बहुतेक जण उलट सुरुवात करतात. आधी मोठे पिस्टन आवडतात, मग कॅम, आणि इंधनाचं ‘जे आहे तेच चालवू’. एससीवर आणि २.७वर जे आहे ते बॉशचं के-जेट्रॉनिक, म्हणजे सीआयएस. यात आत येणाऱ्या हवेने एक पत्रा उचलला जातो आणि तो किती उचलला त्यावर इंधन ठरतं. रेसच्या धाटणीच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. कमी आरपीएमला हवा मागे ढकलली जाते, पत्रा थरथरतो आणि आयडल बिघडतं. कितीही ट्यूनिंग केलं तरी हे पूर्ण जात नाही. शिवाय सीआयएसच्या पिस्टनचा माथा त्या पद्धतीसाठीच घडवलेला असतो. जास्त लिफ्टच्या (व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या) कॅमला त्यात व्हॉल्व्हसाठी पुरेसे खळगे नसतात. म्हणजे कॅम बदलला की पिस्टन बदला, पिस्टन बदलला की कॉम्प्रेशन बघा, कॉम्प्रेशन वाढलं की इग्निशन बघा.

म्हणून इंधनाची पद्धत आधी ठरवा. तीन वाटा आहेत.

सीआयएस ठेवायचं ठरवलं तर ९६४च्या (३.२ कॅरेरानंतर आलेली ९११ची पिढी) किंवा तशाच सौम्य कॅमवर थांबायचं. यात कमीपणा नाही. अमेरिकेतल्या एससीला कारखान्याने १८० हॉर्सपॉवर दिले होते. युरोपातल्या १९८१ ते ८३च्या एससीला त्याच ३.० लिटरमध्ये, सीआयएस ठेवून, ९.८:१ कॉम्प्रेशनवर २०४ पीएस (युरोपातलं हॉर्सपॉवरचं माप) मिळत होते. कमी कॉम्प्रेशनचं अमेरिकन एससी तुमच्याकडे असेल तर हा सरळ नकाशा आहे. त्यात १९७५च्या आधीच्या धाटणीचे हीट एक्सचेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर गाडीच्या आतली हवा तापवणाऱ्या नळ्या) जोडले की इंजिन मोकळा श्वास घेतं. गाडी थंडीत सुरू होते, रोज चालते, आणि पुढच्या मालकाला समजावून सांगावं लागत नाही.

वेबर किंवा पीएमओचे तीन गळ्यांचे कार्ब्युरेटर लावले की पाय ठेवताच इंजिन उत्तर देतं आणि आवाजावर माणसं भाळतात. त्या आवाजापुढे माझा युक्तिवाद टिकत नाही, हे मला माहीत आहे. पण फ्लोटची पातळी, जेट आणि सहाही गळ्यांची हवा सारखी करणं हे वारंवार करायचं काम आहे. इंधन जास्त पडत राहिलं तर सिलिंडरवरचं तेल धुतलं जातं आणि नव्या रिंग लवकर झिजतात.

तिसरी वाट इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल लावून. तापट कॅमही यावर बऱ्यापैकी शांत चालतो, इग्निशनही त्याच संगणकाकडे देता येतं. काम मात्र पाना-स्क्रूड्रायव्हरकडून वायरिंग, सेन्सर आणि डायनोकडे (ताकद मोजायचं यंत्र) सरकतं. ज्याला हे आवडतं त्याने कार्ब्युरेटरकडे बघूही नये. ३.२चं मोट्रॉनिक (बॉशची इंधन आणि इग्निशन दोन्ही सांभाळणारी संगणकी पद्धत) इंजेक्शनच असलं तरी त्यात हवा मोजणारी झडप आहे, त्यामुळे तेही फार तापट कॅम सोसत नाही.

मोठा बोअर आणि दुसरा प्लग

एससीला ९८ मिमीचे पिस्टन-सिलिंडर घातले की ३१८६ सीसी होतात, ३.२ला घातले की ३३६७. ऐकायला भारी वाटतं, पण ९५वरून ९८ म्हणजे आकारमानात जेमतेम साडेसहा टक्के वाढ. या कामानंतर जाणवणारी खरी ताकद कॅम, कॉम्प्रेशन आणि मोकळ्या श्वासातून येते. म्हणून इंधन आणि कॅम बदलायची तयारी नसेल तर नुसता मोठा बोअर हा महागडा मार्ग आहे. जुने सिलिंडर झिजलेलेच असतील आणि नवे घ्यावेच लागणार असतील, तर गणित बदलतं. निकासिलचे (आतून कठीण निकेलचा थर दिलेले) सिलिंडर मापात असतील तर नव्या रिंग घालून पुन्हा वापरता येतात. अल्युसिलच्या (सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या) सिलिंडरना नेहमीचं होनिंग चालत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न लवकर येतो.

दुसऱ्या प्लगचं कारण पिस्टनच्या उंच माथ्यात आहे. कॉम्प्रेशन वाढवायला माथा उंच केला की ज्वलनाची जागा त्याच्याभोवती पसरते आणि एका बाजूच्या ठिणगीला पलीकडे पोचायला वेळ लागतो. मग स्पार्क लवकर द्यावा लागतो आणि नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांचा) धोका वाढतो. दोन बाजूंनी ठिणगी दिली की स्पार्क उशिरा दिला तरी चालतो. ९६४मध्ये कारखान्याने ११.३:१ला दोन प्लगच वापरले. युरोपातली ३.२ मात्र १०.३:१वर एकाच प्लगने धावली, कारण तिचं इग्निशन मोट्रॉनिकच्या ताब्यात होतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरवर तेवढं कॉम्प्रेशन ठेवून एका प्लगवर भागवायला मी कुणालाही सांगणार नाही.

हा रस्ता धरलात तर मोजणी टाळता येत नाही. पिस्टन आणि हेडमधली फट किमान १ मिमी, इनटेक व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये १.५, एक्झॉस्टला २ मिमी. मऊ सोल्डर आणि प्लॅस्टिसिनचा गोळा घालून इंजिन हाताने फिरवायचं, दाबलेलं माप घ्यायचं. कॅम टायमिंग डायल गेजवर, व्हॉल्व्हची फट ०.१ मिमी ठेवून. मूळ मापाच्या इंजिनातही हे करावं, पण तिथे कारखान्याने आधीच विचार केलेला असतो. इथे तो तुम्हाला करायचा आहे.

आणि एक चौथा पर्याय

मोठा बोअर, दोन प्लग, नवे थ्रॉटल, कॅम यांची यादी कागदावर मांडली की तिच्या शेजारी चांगल्या अवस्थेतल्या ९६४च्या ३.६ इंजिनाचा भाव लिहा. ते इंजिन कारखान्यातूनच २५० पीएस घेऊन आलं होतं, दोन प्लग आणि नॉक सेन्सरसकट. बसवायला माउंट, वायरिंग, एक्झॉस्ट, फ्लायव्हील आणि तेलाच्या नळ्यांची जुळवाजुळव लागते, पण केसच्या आत हात घालावा लागत नाही. तुमचं मूळ नंबरचं इंजिन तसंच राहतं आणि सवडीने मूळ मापावर बांधता येतं. गाडीची किंमत जपायची असेल आणि वेगही हवा असेल, तर हा हिशेब मला मोठ्या बोअरपेक्षा सरस वाटतो. इंजिन बांधण्याचा आनंदच हवा असेल, तर सौम्य कॅमचं ३.० घ्या आणि केस फोडा.