मारुती ८०० चं हेड गॅस्केट घरी बदललं: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्या वरचा भाग (हेड) यांच्या मधलं पातळ सील. गाडी १९९८ ची, कार्बोरेटरवाली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. काम दिवाळीच्या सुट्टीत बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये केलं. त्यानंतर गाडीने अख्खा उन्हाळा काढला, आता पावसाळाही निम्मा सरलाय. असलं काम झाल्या झाल्या सगळेच खूश असतात. गॅस्केट नीट बसलंय की नाही ते एप्रिल-मे दाखवतो, म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं.

आधी आजार. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता, तो चालू करणारा थर्मोस्विच गेला होता. स्विच बदलला, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुठेही गळती नसताना कूलंट कमी व्हायचं, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखालचा पिवळट फेस मात्र एकटा पुरावा धरू नका. थंडीत गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच चालत असेल तर दमटपणामुळेही तो जमतो. खात्री कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून झाली. एक नंबर सिलिंडर ठणठणीत, दोन आणि तीन त्याच्या जेमतेम निम्म्यावर. शेजारचे दोन एकदम पडले की त्यांच्या मधलं गॅस्केट गेलं असं समजायचं.

एका गॅरेजवाल्याने रेडिएटरमध्ये लीक बंद करायची पावडर टाकून गाडी काढून टाकायचा सल्ला दिला. दुसऱ्याने इंजिनच उतरवायला सांगितलं. हेडसाठी इंजिन उतरवावं लागत नाही, बॉनेट काढलं की वरून सगळं हाताला येतं.

हेड निघालं तेव्हा मात्र बघण्यासारखं होतं. दोन आणि तीन नंबरच्या मधली गॅस्केटची पत्र्याची कड जळून गेली होती आणि तिथून काळा ओरखडा आरपार गेला होता. एक आणि तीन नंबरच्या पिस्टनवर कार्बनचा जाड थर, दोन नंबरचा पिस्टन नव्या नाण्यासारखा लख्ख. कूलंट तिथेच शिरत होतं, वाफेने पिस्टन धुऊन निघाला होता.

खोलाखोलीचा बाऊ करू नका. प्रत्येक व्हॅक्यूम पाइपवर टेप लावून नंबर टाका, मोबाइलवर फोटो काढा, टायमिंगच्या (क्रँक आणि कॅम जुळवायच्या) खुणा जुळवूनच बेल्ट उतरवा. त्रास दिला तो एक्झॉस्टच्या गंजलेल्या नटांनी. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी गोटी पाना लावून थोडं पुढे-थोडं मागे करत काढले. जोर लावला असता तर स्टड तुटला असता, आणि तुटका स्टड काढणं पार्किंगमध्ये होत नाही.

खरा वेळ गेला साफसफाईत. ब्लॉकच्या माथ्यावर चिकटलेलं जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. ग्राइंडरला चकती लावून दोन मिनिटांत चकाचक करणारे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. ती बारीक पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. बोल्टची भोकंही हवा मारून कोरडी केली. तळाला कूलंट राहिलं तर बोल्ट खाली टेकायच्या आधीच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला आवाज देणारा पाना) ‘कट’ वाजतो, शिवाय ब्लॉकला तडा जायची भीती वेगळीच. रोज आठ गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात त्या गॅरेजला हे चोचले परवडत नाहीत. माझ्या मते घरी काम करण्याचा फायदा एवढाच, आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे.

घरी न करण्याची गोष्ट म्हणजे हेडचं फेसिंग, म्हणजे मशीनवर तासून तळ सपाट करणं. सुझुकीच्या मॅन्युअलप्रमाणे हेडचा वाकडेपणा ०.०५ मिमीच्या आत हवा. सरळ पट्टी ठेवली तर मध्ये त्याहून जाड फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज जात होतं. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतंच. मशीन शॉपमध्ये आधी तडा तपासून घेतला, मग फेसिंग आणि व्हॉल्व्हचं लॅपिंग (व्हॉल्व्ह जागेवर घासून नीट बसवणं). व्हॉल्व्ह सील आणि टायमिंग बेल्टही नवेच टाकले. सुटे भाग नाना पेठेत मिळाले. गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं तरी गॅस्केट सेटला अडचण आली नाही. टॉर्क रेंच मात्र नवाच घ्या. जुन्या बाजारात पाने झकास मिळतात, पण तिथल्या रेंचचा आकडा खरा कशावरून?

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळले. सेल्फ मारायच्या आधी क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. मग हीटर पूर्ण उघडा ठेवून, रेडिएटरची कॅप काढून, वरचा होज गरम होऊन फॅन आपोआप लागेपर्यंत कूलंटमधली हवा काढली. पहिलं ऑइल थोड्याच दिवसांत फेकून दिलं, कारण कूलंटचा अंश त्यात राहतोच.

आता निकाल. मे महिन्यात चौघे बसून, भर दुपारी तोच खंबाटकीचा चढ. काटा निम्म्याच्या खालीच. बाटलीतलं कूलंट मार्करने केलेल्या रेघेवरून हललेलं नाही. पिकअप परत आला, ॲव्हरेजही थोडं सुधारलं. पैसे म्हणाल तर हत्यारं धरून पहिल्या कामात फारसे वाचत नाहीत. गाडी रोजच्या कामाची असेल आणि घरात दुसरी नसेल तर या भानगडीत पडू नका, मशीन शॉपची तारीख आपल्या हातात नसते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, खाली पुठ्ठे अंथरा, आणि कूलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

तक्रारी दोन. कॅम कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल किंचित पाझरतंय, आणि सकाळी थंड इंजिनाला टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या फटीचा) आवाज येतो. कव्हरचं रबर गॅस्केट आणून ठेवलंय. पाऊस उघडला की कव्हर काढून दोन्ही एकदमच करणार.