आर५० घ्यायला गेलो आणि आर१०० घेऊन आलो

माझ्याकडे पक्कं बिल आहे. त्यावर जीएसटी नंबर आहे, खोक्याचं सील माझ्यासमोर फोडलेलं आहे, कॅमेरा अस्सल आहे आणि कंपनीची वॉरंटीही आहे. तरी मी जवळजवळ बारा हजारांना गंडलो. फसवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विटेचा तुकडा भरलेलं पार्सल येतं. तसलं काही घडलं नाही की आपण निर्धास्त. म्हणून हे सगळं तपशीलवार लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, ठाण्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे एवढं पुरे. तसं एकच दुकान असेल असंही मला वाटत नाही.

२०२३ चा अख्खा पावसाळा मी दोन कॅमेऱ्यांत अडकून काढला. एक कॅननचा आर५०, दुसरा सोनीचा झेडव्ही-ई१०. दोन्ही एपीएस-सी सेन्सरचे (चित्र टिपणाऱ्या चिपचं हे एक माप), दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोघांचाही स्क्रीन बाहेर येऊन उलटा फिरणारा. सोनी २०२१ चा, पण त्याला लेन्स रग्गड. बाहेरच्या कंपन्यांपैकी सिग्मा आहे, टॅमरॉन आहे, सेकंडहँडलाही तोटा नाही. कॅनन २०२३ च्या फेब्रुवारीत आलेला, पण त्याच्या आरएफ माउंटला (लेन्स बसवायच्या खोबणीला) तेव्हा बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स जवळजवळ नव्हत्याच (सिग्माने २०२४ मध्ये आणल्या, म्हणजे माझ्या डोक्याला ताप होऊन गेल्यावर). लेन्सचा विचार केला तर सोनी घ्यायला हवा होता. पण सोनीला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही. मी रविवारी सकाळी येऊरच्या जंगलात जाणारा, थंडीत ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघणारा माणूस. उन्हात मागच्या स्क्रीनचा आरसा होतो, पक्षी सोडून स्वतःचं कपाळ दिसतं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्समधून फ्लेमिंगो म्हणजे चिखलातले गुलाबी ठिपके, हेही कळत होतं, पण लांबची लेन्स पुढच्या बोनसवर ढकलली होती. लेकीला तिच्या कथकचे व्हिडिओ हवे होते. आर५० हा ४के व्हिडिओ (फुल एचडीच्या चौपट तपशिलाचा) सेन्सरच्या पूर्ण रुंदीत काढतो, सोनी सेकंदाला ३० फ्रेम घेताना कडा थोड्या कापतो. असं करत गणपती गेले, नवरात्र संपलं, तेव्हा कुठे आर५० वर शिक्कामोर्तब झालं.

सांगायचा मुद्दा, या दोन कॅमेऱ्यांबद्दल मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी धडाधडा बोललो असतो. कॅननचंच आर१०० नावाचं काही आहे एवढंच ऐकून होतो. तो माझ्या यादीतच नव्हता, मग वाचणार कशाला?

चार दुकानांत फोन केले. तिघांचे भाव पाच-सातशेच्या फरकाने सारखे, चौथ्याचा सात हजारांनी कमी. वर बॅग, ट्रायपॉड, मेमरी कार्ड आणि फिल्टर फुकट. इथेच कान टवकारायला हवे होते. पण स्वस्त मिळालं की आपण स्वतःला हुशार समजतो, आणि मी तर अख्खा पावसाळा अभ्यास केलेला विद्वान! पाच हजार टोकन यूपीआयने पाठवलं आणि म्हटलं, भाव लेखी द्या. लगेच मेसेज आला : ‘ओके सर ६६५०० फायनल किट विथ कॉम्बो’. मी खूश. या ओळीत कॅमेऱ्याचं नावच नाही, हे माझ्या लक्षात आलं ते डिसेंबरात.

धनत्रयोदशी शुक्रवारी होती, १० नोव्हेंबरला. ऑफिसातून थेट गेलो. दुकान अरुंद, माणसं खांद्याला खांदा लावून उभी. मालक पन्नाशीचा, अतिशय गोडबोल्या. “या साहेब, तुमचंच काम हातात घेतलंय.” त्याने काउंटरवरचा आर५० उचलला, स्क्रीन बाहेर काढून फिरवला, माझ्यावर रोखला. माझ्या डोळ्यावर चौकोन बसला, मी मान हलवली तर चौकोनही हलला. चहा आला. मग तो जरा वाकून म्हणाला, “आर५० चा स्टॉक सकाळीच संपला. हा डिस्प्लेचा पीस आहे, शंभर हात लागलेत. सणाच्या दिवशी तुम्हाला हा देऊ का मी? तुमच्यासाठी याच्या पुढचा काढून ठेवलाय. आर१००.”

मी म्हटलं, तो वेगळा ना? त्यावर तो जे बोलला ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण नंतर मी त्यातली एकेक गोष्ट ताडून पाहिली. आर५० फेब्रुवारीत आला, हा मे महिन्यात. खरं. मेगापिक्सेल तेवढेच. खरं, २४.२ आणि २४.१. लेन्स तीच, १८-४५. खरं. बॅटरी तीच, व्ह्यूफाइंडर आहे, ४के आहे, माइक लागतो. सगळं खरं. आणि वजनाला हलका, म्हणून त्याने दोन्ही माझ्या दोन हातांत दिले. तेही खरं : एक ३७५ ग्रॅम, दुसरा ३५६. एकोणीस-वीसचा फरक म्हणतात तो हाच. डाव्या हातातला आर१०० मी उघडून बघितला नाही, कारण उजव्या हातातला आत्ताच उघडून बघितला होता.

खोटं असं त्याने एकच सांगितलं, आणि तेही सहज बोलण्याच्या ओघात : “पन्नासच्या पुढे शंभर, साहेब.” कॅननचा हिशेब शाळेतल्या नंबरासारखा आहे, पहिला नंबर सगळ्यात वरचा. आर५, आर६, आर७, आर१०, आर५० आणि तळाला आर१००. आर५ लाखोंच्या घरात आहे हे मला ठाऊक होतं. पण त्या गर्दीत ते डोक्यात आलंच नाही.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन होता, बघायचं की. आत नेटवर्क धड नव्हतं, मागचा माणूस खांद्यावरून पैसे पुढे करत होता, टोकन अडकलेलं होतं आणि रविवारी दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडवर मला कॅमेरा हवाच होता. शिवाय मालक म्हणाला, “हा खरं तर महाग जातो, पण तुम्ही शब्द देऊन आलात, त्याच भावात घ्या.” बस्स. मी गिऱ्हाइकाचा उपकृत माणूस झालो. उपकृत माणूस स्पेसिफिकेशन विचारत नाही. सील फोडलं, बिलावर ‘माल व्यवस्थित मिळाला’ अशी सही केली आणि वर त्याला शुभ दिवाळी म्हणून आलो.

घरी बायकोने खोक्याला हळदकुंकू वाहिलं. लेकीने कॅमेरा हातात घेतला आणि स्क्रीनच्या डाव्या कडेला अंगठ्याचं नख घातलं. हलेना. उजव्या कडेला घातलं. मग खालून. “अगं हळू, तुटेल,” मी म्हटलं. तिने नख काढून स्क्रीनवर बोट ठेवलं, दाबलं, सरकवलं. काहीच नाही. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “बाबा, हा उघडत नाही. आणि याला टच पण नाही.”

आर१०० चा स्क्रीन पाठीला कायमचा चिकटलेला आणि स्पर्शाला बहिरा. ४के काढायला गेलं की चित्राच्या कडा चांगल्याच कापल्या जातात, म्हणजे खोलीत नाचणाऱ्या मुलीचे पाय फ्रेमबाहेर. आर५० मध्ये ज्या ड्युअल पिक्सेल फोकसने माझा डोळा पकडला होता, तो इथे ४के मध्ये चालतच नाही. जुन्या पद्धतीचा फोकस मागे-पुढे चाचपडत बसतो. कॅमेरा वाईट आहे असं नाही. पहिल्यांदा मोबाइल सोडून फोटो काढणाऱ्याला त्याच्या योग्य किमतीत तो छानच आहे, फुल एचडी व्हिडिओही नीट काढतो. मला तो नको होता आणि त्या किमतीला तर नकोच.

किंमत कुठे मुरली ते रात्री बिल नीट वाचल्यावर कळलं. कॅमेरा किट ५३,००० आणि ‘ॲक्सेसरीज कॉम्बो’ १३,५००. फुकटच्या वस्तू त्या याच. बॅगेची चेन दुसऱ्याच दिवशी दात विचकायला लागली आणि ट्रायपॉडचा एक पाय लेकीच्या घुंगरांपेक्षा जास्त वाजतो. सगळं मिळून बाजारात कुणी दोन हजारही देणार नाही. पण चलाखी बघा : कॅमेरा छापील किमतीच्या आत विकलेला, मॉडेल नंबर बिलावर स्वच्छ, खाली माझी सही.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. कालचा गोडवा गेला होता. “सील तुमच्यासमोर उघडलं, आता तो वापरलेला माल झाला. कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का?” बिघाड नव्हता. आणि खरी मेख तिथेच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल परत न घेणं ही अनुचित प्रथा ठरते ती सदोष मालाच्या बाबतीत. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. माझा माल निर्दोष होता. दोष माझ्यात होता, असं त्याचं म्हणणं.

रविवारी पहाटे राम मारुती रोडवर नेहमीसारखी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल-ताशा, सेल्फी, नवे झब्बे. गर्दीच्या डोक्यावरून फोटो घ्यायचा तर हात उंच करून स्क्रीन खाली वळवावा लागतो. मी हात उंच केला आणि आंधळेपणाने बटण दाबत राहिलो. घरी येऊन पाहिलं तर निम्म्या फोटोंत विजेच्या तारा.

कार्डाची गोष्ट जानेवारीतली. घाणेकर नाट्यगृहात लेकीच्या क्लासचा कार्यक्रम होता, मी पूर्ण रेकॉर्ड केला. घरी शेवटच्या काही फाइली उघडेचनात. भाच्याने कार्ड संगणकाला लावून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तपासलं. वर १२८ जीबी छापलेलं, आत जागा ३२ चीच. भरलं की पुढचं सगळं हवेत जातं आणि कॅमेरा मात्र रेकॉर्डिंग चालू असल्याचं दाखवत राहतो. तिचा तराणा त्यात गेला. पैशांपेक्षा हे जास्त लागलं. कॉम्बोमध्ये मिळालेलं कार्ड असेल तर आजच भरून बघा.

डिसेंबरात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली होती. क्रमांक मिळाला, दुकानदाराचं उत्तर आलं : ग्राहकाने मॉडेल पाहून घेतले. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देत नाही. ऑफिसातल्या एका जाणत्या सहकाऱ्याने विचारलं, ट्रायपॉडचं खोकं आहे का? होतं, माळ्यावर. त्यावर ना किंमत, ना आयात करणाऱ्याचं नाव, ना पत्ता. बॅगेवरही नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे हे सगळं छापलेलं लागतं आणि ते बघायला सरकारचा वैधमापन विभाग आहे. मी खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो आणि बनावट कार्डाचा रिपोर्ट दुकानदाराला पाठवला. खाली लिहिलं की हे वैधमापनाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. ज्या माणसाला कॅमेऱ्याच्या पन्नास वाक्यांनी घाम फुटला नाही, त्याचा ट्रायपॉडच्या खोक्यावरून वीस मिनिटांत फोन आला. कॉम्बो परत घेऊन पाच हजार दिले, रोख. त्यासाठी ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून मागत होता, ते दिलं नाही.

सोनी घेतला असता तर मी सुटलो असतो असंही नाही, हे याच सहकाऱ्याच्या भावाचं ऐकून कळलं. त्या भावाने झेडव्ही-ई१० स्वस्तात घेतला, तो निघाला जपानच्या बाजारातला. त्या मॉडेलचा मेनू फक्त जपानीत असतो, भाषा बदलायची सोयच नाही. आता तो चित्रं बघून अंदाजाने बटणं दाबतो. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचा स्टिकर आहे का, एवढं बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. बिलावरचा, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरियल नंबर एकच आहे ना, हे पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर नाही. डेमो दाखवतात त्या पीसवर नव्हे, तुमच्या खोक्यातून निघालेल्या पीसवर घ्या. आणि टोकन देताना मेसेजमध्ये मॉडेलचं पूर्ण नाव दुकानदाराच्या हाताने लिहवून घ्या, आपण लिहून त्याने अंगठा दाखवला असं नको.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्याच नंबरवरून सगळ्या गिऱ्हाइकांना गेलेला मेसेज मलाही आला. आर५० चा फोटो, स्क्रीन छान बाहेर काढून फिरवलेला, खाली ‘दिवाळी धमाका किट विथ कॉम्बो’. मी विचारलं, “आर५० नक्की स्टॉकमध्ये आहे का? खोक्याचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो पाठवा.” दोन टिका निळ्या झाल्या. अजून फोटो आलेला नाही.