कोलंबीच्या तळ्यांवरील बहुचॅनल सेन्सर यंत्रणा : दोन हंगामांचा अनुभव

वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमची व्हेनामी कोलंबीची सहा तळी आहेत. या धंद्यात घात होतो तो पहाटे. रात्री प्रकाशाअभावी पाण्यातील सूक्ष्म शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट तोच वापरत राहते आणि सूर्योदयापूर्वी त्याची पातळी सर्वांत खाली जाते. ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमवर आली की एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) तत्काळ सुरू व्हावे लागतात. त्यामुळे अर्ध्या तासाने मिळालेला आकडा कितीही अचूक असला, तरी आमच्या उपयोगाचा नसतो.

प्राणवायूचे हे आकडे रेडिओने पाठवणारी आमची जुनी यंत्रणा एकाच चॅनलवर (ठरावीक वारंवारतेवर) चालत असे आणि शेडमध्ये वायफाय बसवल्यापासून तिचे संदेश गळू लागले. नवी यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील सोळा चॅनल आळीपाळीने वापरते. प्रत्येक नोडला (सेन्सर आणि रेडिओच्या संचाला) १० मिलिसेकंदांचा ठरलेला वेळ मिळतो आणि दर फेरीला चॅनल बदलत असल्याने, एका फेरीत हरवलेला संदेश पुढच्या फेरीत वेगळ्या चॅनलवरून पोहोचतो. याचा खरा फायदा दिसला तो खाडीच्या फाट्यापलीकडील पंपघराच्या नोडवर. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलते, पाण्यावरून परावर्तित होणारी लहर थेट लहरीला कधी पूरक ठरते, कधी मारक, आणि उधाणाच्या भरतीला काही चॅनल अगदी मुके होतात, तर दुसरे काही खणखणीत चालतात. एकाच चॅनलवर विसंबलेली जुनी यंत्रणा नेमकी अशा वेळी पंपघर गमावून बसे.

मात्र सोळा चॅनल म्हणजे सोळापट वेग, हा विक्रेत्याचा दावा मान्य करता येत नाही. गेटवेचा (सर्व नोडचे संदेश गोळा करणाऱ्या उपकरणाचा) रेडिओ एकच आहे, म्हणजे एका वेळी तो एकाच नोडचे ऐकणार. दूरचे नोड आपसांत वेगवेगळ्या चॅनलवर बोलून घेतात, एवढीच काय ती बचत. शिवाय बसवणाऱ्यांनी आमच्या वायफायची चौकशीच केली नव्हती. वायफाय याच पट्ट्यात, त्याच्या सहाव्या चॅनलवर होते आणि यंत्रणेचे (तिच्या सोळा चॅनलचे क्रमांक ११ ते २६ असतात) १६ ते १९ हे चार चॅनल त्याखाली दबलेले होते. ते यादीतून मीच काढले, तेव्हा कुठे संदेशांची गळती थांबली.

सर्वांत मोठी तक्रार शेवटच्या टप्प्याची आहे. तळ्यापासून गेटवेपर्यंत वेळेची हमी आहे, परंतु तेथून मोबाईलपर्यंत ती नाही. मागील पावसाळ्यात एके पहाटे इशारा फोनवर आला, तेव्हा राखणदाराने पृष्ठभागाशी तरंगणारी कोलंबी पाहून एरेटर केव्हाच सुरू केले होते. त्यानंतर गेटवेला थेट भोंगा जोडून घेतला. प्रोबवरचा (सेन्सरच्या पाण्यात बुडालेल्या टोकावरचा) बुळबुळीत थर आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने काढावाच लागतो, हे माहितीपत्रकात कुठेही नाही.

पुढील हंगामासाठी पंपघराला उंच खांब आणि गेटवेला दुसरा रेडिओ, असा दर मागवला आहे. उत्तराची वाट पाहत आहे.