इसबगोल घ्यावं की जवस?

दोन्ही ‘पोटासाठी’ म्हणून घरात येतात. इसबगोल औषधाच्या दुकानातून, जवस मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून किंवा वाण्याकडून. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

तक्रार बद्धकोष्ठाची असेल तर आधी इसबगोलच. एक मोठा चमचा भुसा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यावा. ग्लास पाच मिनिटं तसाच ठेवून बघा, त्याची खळ झालेली दिसेल. ती खळ आतड्यात झाली की मळ मऊ होतो, घशात झाली की जीव गुदमरतो. म्हणून कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी, हे कधीच नको. मागून आणखी एक ग्लास पाणी प्या आणि लगेच आडवे होऊ नका. गुण यायला १२ ते ७२ तास लागतात. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले की पोट फुगतं. अर्ध्या चमच्याने सुरुवात करा. इतर औषधांपासून किमान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीनंतर चार.

कोलेस्टेरॉलसाठीही इसबगोलच उजवं. रोज साधारण १० ग्रॅम नियमित घेतल्यास एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ५ ते १० टक्के उतरू शकतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र त्यासाठी बंद करू नये.

जवसाचं बळ ओमेगा-३ मध्ये. कुटलेल्या एका मोठ्या चमच्यात (७ ग्रॅम) ते सुमारे दीड ग्रॅम असतं, तंतू (फायबर) मात्र जेमतेम २ ग्रॅम. मासे न खाणाऱ्या घरात जवस हवाच, पण बांगड्यातलं ओमेगा-३ वेगळं. जवसातल्याचा थोडाच भाग शरीर त्यात बदलतं. आख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात, त्यामुळे चटणी हाच उत्तम मार्ग. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, लसूण, तिखट, मीठ घालून भरड कुटा. आठवड्यापुरतीच करा. कूट खवट झाला की ऑइल पेंटसारखा वास येतो, कारण त्या रंगात पूर्वापार जवसाचंच तेल वापरतात. असा कूट टाकून द्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोजचा जवस डॉक्टरांना विचारूनच. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, तर इसबगोल घेऊच नये. शौचातून रक्त जात असेल तर दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.