घरी बनवलेला टीव्ही ॲन्टेना, इंदूर: नऊ महिने वापरून

आमच्याकडे फ्री डिशची छत्री आहे, पण जोराचा पाऊस आला की ती गेलीच समजा, आणि नेमक्या त्याच वेळी आईला बातम्या हव्या असतात. 2016 च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने 16 शहरांत डिजिटल टेरेस्ट्रियल, म्हणजे उपग्रहाऐवजी जमिनीवरच्या टॉवरवरून साध्या ॲन्टेनावर येणारं डिजिटल प्रसारण, सुरू केलं, त्यात आपलं इंदूरही होतं, हे मला कळलं दिवाळीत. म्हटलं, करून बघू.

आधी सेट-टॉप बॉक्सचं सांगतो कारण मी तिथेच फसलो. डीव्हीबी-टी2 (या प्रसारणाची पद्धत) लिहिलेलाच बॉक्स हवा. महारानी रोडवर एकाने ‘सब एक ही है भिया’ म्हणून नुसता डीव्हीबी-टी वाला, म्हणजे आधीच्या पद्धतीचा, गळ्यात मारला, दिवसभर स्कॅन करत बसलो, एक चॅनल नाही, आणि परत घ्यायला गेलो तर तो ओळख दाखवेना. फ्री डिशचा बॉक्सही यावर चालत नाही, तो वेगळाच प्रकार.

पहिला ॲन्टेना अगदी साधा, तांब्याच्या वायरचे दोन तुकडे. हिशोब असा की प्रसारणाची फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये घ्यायची, 150 ला तिने भागायचं, आलं ते अर्ध्या लहरीचं माप मीटरमध्ये, त्यातून पाचेक टक्के कमी करायचे. म्हणजे 500 ला साधारण साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, मधून कापून दोन भाग. चालला, पण चित्र मधेमधे अडकायचं. मग दुसरा केला, वायरचे चार व्ही, प्रत्येक बाजू सात इंच, तोंडाशी तीन इंच फट, मागे चार इंचांवर जुन्या कूलरची जाळी आणि मधोमध ॲन्टेनाचा केबलशी मेळ घालायला 300 ओहमचं 75 करणारा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. हे सगळं बसवलं आईच्या जुन्या पाटावर, तिला न विचारता, त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

दिशा लावताना मोठा घोळ झाला. मुलगा खालून ‘आलं, गेलं’ ओरडतोय आणि मी गच्चीवर फिरवतोय, लहानपणी बाबा करायचे तसं. पण डिजिटलला मुंग्या वगैरे येत नाहीत, चित्र एक तर येतं नाहीतर नाही, आणि बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. तो ‘आलं’ म्हणेपर्यंत मी पुढे सरकलेलो. शेवटी थोडं फिरवायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग विचारायचं, असं केलं. बॉक्समध्ये दोन पट्ट्या दिसतात, त्यातली क्वालिटीची बघा. बूस्टर लावला तर ताकदीची पट्टी फुल, क्वालिटी उलट खाली, काढून टाकला. त्यापेक्षा केबल आखूड ठेवा, वीस मीटर आरजी-6 (ही नेहमीची टीव्हीची केबल) मध्ये जवळपास निम्मा सिग्नल जातो.

संक्रांतीला अचानक नो सिग्नल. तासभर वायरी तपासल्या, वर जाऊन बघतो तर कुणाचा तरी मांजा जाळीत अडकलेला आणि ओढाओढीत अख्खा ॲन्टेना शेजारच्यांच्या टाकीकडे तोंड करून उभा. फिरवला तर लगेच चालू, 26 जानेवारीची परेड अगदी स्वच्छ दिसली.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. पहिल्या दोन सरींतच बंद! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच पाऊस. पाट फुगून स्क्रू सैल झालेले, ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर हिरवट थर, आणि केबलच्या शेवटाला पिन काढली तर आतून पाण्याचा थेंब. पाट काढला, प्लास्टिकचा भाजी कापायचा बोर्ड लावला (हा नवीन आणला, शहाणपण आलं), जोड सोल्डर करून वर सिलिकॉन फासलं, आणि केबलला घरात शिरायच्या आधी खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. त्यानंतर अडचण नाही. डिशचा सिग्नल 11 गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, पावसाचे थेंब तो खाऊन टाकतात, हा यूएचएफचा, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झचाच, याला पावसाचं फारसं काही वाटत नाही.

चॅनल मात्र पाचच, नॅशनल, न्यूज, भारती, स्पोर्ट्स असे सगळे दूरदर्शनचेच, खासगी एकही नाही. आणि आईचं सह्याद्री यावर नाही, त्यामुळे छत्री काढता आली नाही, गच्चीवर दोन्ही शेजारीशेजारी आहेत. परवा गणपतीत आरती झाली आणि धो धो सुरू झाला, छत्री गेली, तेव्हा आई स्वतःच म्हणाली, ‘ते तुझं कूलरवालं लाव रे.’