मातीविना वाढणाऱ्या टमाटराला घरचा आधार : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्यानंतर आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी बारा छिद्रांचा एक छोटा हायड्रोपोनिक, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात झाडे वाढवायचा, संच आणला. पाच लिटरची टाकी, तिच्यावर पातळ प्लास्टिकचे झाकण, पाणी खेळते ठेवणारा लहानसा पंप आणि मागच्या बाजूला वरखाली होणाऱ्या दांडीवर बसवलेला एलईडी दिवा, एवढाच त्याचा संसार. सोबतच्या पुस्तिकेत पुदिना, तुळस, लेट्यूस यांच्याबरोबर चेरी टोमॅटोचे चित्र ठळकपणे छापलेले होते. परंतु ते झाड मोठे झाल्यावर उभे कशाच्या बळावर राहायचे, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. संचाविषयी बरेच लिहिता येईल, पण येथे मी केवळ त्याच्यासाठी घरी तयार केलेल्या आधारांविषयी लिहीत आहे, कारण माझे सगळ्यात जास्त हाल तेथेच झाले.

अंगणातल्या झाडाशेजारी काठी रोवली की काम भागते, कारण काठीला माती धरून ठेवते. टाकीत माती नसते. झाड जाळीच्या कपात, कप झाकणात आणि झाकण टाकीच्या काठावर टेकलेले असते; त्यामुळे कपात खोचलेली कोणतीही काठी शेवटी त्याच दोन मिलिमीटरच्या प्लास्टिकवर उभी राहते, ज्याच्यावर आधीच झाडाचा भार आहे. त्यात घरात वारा नसतो. वाऱ्याने सतत हलणाऱ्या झाडाचे खोड बुटके आणि जाड होते, तर बंद खोलीत दिव्याखाली वाढलेले खोड लांब, रसरशीत आणि लेचेपेचे होते. म्हणजे ज्या झाडाला आधाराची गरज अधिक, त्यालाच आधार रोवायला जागा नाही. हे मला कळायला तीन महिने आणि एक भिजलेली सतरंजी खर्ची पडली.

पहिला प्रयोग बांबूच्या कामट्यांचा होता. आमच्या भागात टोपल्या विणणाऱ्या एका बुरडाकडून हातभर लांबीच्या आठ कामट्या मी तासून घेतल्या. कशासाठी हव्यात हे ऐकल्यावर तो म्हणाला, "ताई, पाण्यात ठेवसान तं महिन्याभरात काळी पडन." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. चौथ्या आठवड्यात कामटीच्या पाण्यातल्या टोकाला काळपट, बुळबुळीत थर आला आणि वरच्या भागावर पांढरी बुरशी दिसू लागली. त्याहून वाईट प्रकार झाकण उचलल्यावर दिसला. कामटी रोप धरून ठेवणाऱ्या कपातल्या स्पंजातून आरपार गेली होती आणि तिच्या अणकुचीदार टोकाने पांढऱ्या मुळ्यांचा एक झुबका मध्येच चिरला होता. बांबू वाईट नाही, पण त्याची जागा पाण्याबाहेर आहे.

दुसरा प्रयोग आळसातून जन्मला. दिव्याची दांडी टाकीला घट्ट बसवलेली दिसत होती, म्हणून टोमॅटोचे खोड मी सुतळीने त्याच दांडीला बांधले. महिनाभर सगळे झकास चालले. मधल्या काळात मला उशिराने कळले, की मी लावलेले बी बुटक्या जातीचे नसून सतत वाढत जाणाऱ्या जातीचे होते. कुंडीसाठीच्या बुटक्या जाती हात-दीड हातावर थांबतात. हे झाड डिसेंबरात दिव्याला ओलांडून पुढे निघाले होते. एका रात्री साडेतीनच्या सुमारास हॉलमध्ये धप्प असा आवाज झाला. जाऊन पाहते तो दांडी तिच्या खोबणीतून निसटून पुढे कलली होती, तिने झाकण एका बाजूने उचकटले होते, दोन कप बाहेर आले होते आणि खतमिश्रित पाणी सतरंजीवर पसरले होते. दिव्याचा अडॅप्टर भिंतीजवळ उंच होता, हे आमचे नशीब. त्या रात्री फडक्याने पाणी टिपता टिपता मनाशी एक गोष्ट पक्की झाली : आधाराला स्वतःचे पाय हवेत आणि ते टाकीच्या बाहेर हवेत. झाडाचा भार झाकणावर, दिव्यावर किंवा मुळांवर न येता थेट जमिनीवर किंवा टेबलावर उतरला पाहिजे.

जानेवारीत इतवारीच्या लोहा ओळीत जाऊन मी पाऊण इंची पीव्हीसीचे तीन मीटर लांबीचे दोन पाईप, दोन एल्बो (काटकोनी जोड), चार टी (तीन तोंडांचे जोड) आणि चार टोपणे घेतली. सगळे मिळून पाचशे रुपयांच्या आत बसले. रचना फुटबॉलच्या गोलपोस्टसारखी आहे. 120 सेंटिमीटरचे दोन उभे पाईप टाकीच्या दोन्ही बाजूंना, वर 60 सेंटिमीटरचा आडवा पाईप, आणि प्रत्येक उभ्या पाईपाच्या बुडाशी टी जोडून तिच्या पुढे व मागे 22 सेंटिमीटरचे एकेक पाऊल. पहिल्या पाईपाचे 120, 120 आणि 60 असे तुकडे करताना हिशेब तंतोतंत जुळतो म्हणून मी खूश होते. करवतीचे दात प्रत्येक कापात दीड-दोन मिलिमीटर खातात, हे मुलाने दाखवून दिल्यावर वरचा आडवा तुकडा किंचित आखूड निघाल्याचे कारण समजले. एल्बोत तो फरक जिरून गेला, त्यामुळे बिघडले काही नाही. पावलांत कोरडी वाळू ठासून टोपणे बसवली आहेत, कारण रिकामे पीव्हीसी इतके हलके असते की फळांनी लगडलेले झाड ते सहज कलंडवते. पाईप चिकटवायचे सॉल्व्हेंट फक्त पावलांच्या सांध्यांना लावले आणि तेही गच्चीवर नेऊन. वरचे सांधे नुसते दाबून बसवले आहेत, म्हणजे चौकट सोडवून धुता येते.

उरलेल्या दोन टी आणि पाईपाचा उपयोग फेब्रुवारीत झाला. तोवर लक्षात आले होते, की पायथा पक्का असला तरी वरचा आडवा पाईप पुढे-मागे डुलतो. तेव्हा उभे पाईप साधारण 70 सेंटिमीटरवर कापून, टी घालून मागच्या बाजूने आणखी एक आडवा तुकडा बसवला. खरे सांगायचे तर त्याने फारसा फरक पडला नाही. वरचा पाईप खिडकीच्या ग्रिलला दोन हात दोरीने बांधल्यावर मात्र डुलणे पूर्ण थांबले, आणि तो उपाय फुकटचा होता.

आता दोऱ्याविषयी, कारण चौकटीइतकेच महत्त्व त्याला आहे. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची किंवा काकडी लावणारे शेतकरी वरच्या तारेवरून दोरा सोडून झाड त्याच्याभोवती चढवतात; मी तेच लहान प्रमाणावर केले. सुतळी आधी वापरली होती, पण तिचे तंतू सुटून पाण्यात पडतात आणि पंपाच्या तोंडाशी जमतात, शिवाय दमट हवेत तिलाही बुरशी धरते. म्हणून नायलॉनचा जाडसर दोरा घेतला. तो वरच्या पाईपाला थेट गाठीने न बांधता, प्लास्टिकचे आवरण असलेल्या हँगरच्या तारेचा इंग्रजी एस अक्षरासारखा आकडा करून त्याच्यावर दोन मीटर जादा दोरा गुंडाळून ठेवला. झाड आडव्या पाईपापर्यंत पोहोचले की खालची जुनी पाने काढायची, आकड्यावरचा हातभर दोरा सोडायचा आणि आकडा पाईपावर थोडा बाजूला सरकवायचा. खोड खाली तिरपे विसावते आणि शेंड्याला वर पुन्हा जागा मिळते. असे मी चार वेळा केले. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार मात्र पाण्याजवळ येऊ दिली नाही, कारण खताचे पाणी किंचित आम्ल असते आणि ही दोन्ही मूलद्रव्ये झाडाला नाममात्र लागत असली तरी थोडी जास्त झाली की बाधतात.

खोडाला पकडायचे कशाने, हा प्रश्न सगळ्यात जास्त काळ सतावत राहिला. वायरी बांधायच्या केबल टायने मार्चमध्ये एक फांदी गमावली. बांधताना ती सैल होती, पण खोड महिन्याभरात जाड झाले, प्लास्टिक त्याच्यात रुतले आणि वरचा भाग दुपारी मान टाकू लागला. टाय कापल्यावर खोडावर अंगठीच्या खुणेसारखा खोल व्रण दिसला. जुन्या सुती ओढणीच्या बोटभर रुंद पट्ट्या आठच्या आकड्यात बांधणे चांगले, मात्र त्या सोडायला वेळ लागतो. उत्तर अखेर सासूबाईंच्या डब्यातून निघाले. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या जुन्या बांगड्यांचा एक अख्खा डबा होता. बांगडी एका जागी कात्रीने कापायची, कापलेली टोके काचपेपरने गुळगुळीत करायची, थोडी फाकवून खोडाभोवती चढवायची आणि दोऱ्याला सुती पट्टीने अडकवायची. खोडाला आत हलायला जागा राहते, पान फुटते तेथे खालून टेका मिळतो आणि बांगडी वरखाली सरकवता येते. शेवटी आमच्या टोमॅटोच्या अंगावर नऊ बांगड्या होत्या, त्यांतल्या चार हिरव्या. पाहुणे हसायचे, हसोत. काचेच्या बांगड्या मात्र वापरू नयेत. तशी एक बांगडी दोऱ्याचा आकडा सरकवताना माझ्या हातात फुटली आणि तिचे तुकडे टाकीतून वेचताना सगळे पाणी उपसावे लागले.

बुडाशी खोड डगमगू नये म्हणून जुन्या योगा मॅटचे कपाच्या मापाचे गोल कापले, मध्ये लहान भोक आणि काठापर्यंत एक चीर. हा गळपट्टा खोडाला सरळ धरतोच, शिवाय दिव्याचा उजेड पाण्यापर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे शेवाळ पुष्कळ कमी झाले. आधार करायला निघालेल्या प्रत्येकाने सुरुवात यापासून करावी, असे मी सुचवेन.

मिरचीचा अनुभव वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीचे बी मी हौसेने लावले होते. तिचे खोड लवकर लाकडासारखे टणक होते, त्यामुळे एक दोरा पुरेसा होईल असे वाटले. पण मिरचीचे झाड दुभागते आणि मिरच्या लागल्या की भार त्या बेचक्यातच येतो. तेथून ते उभे चिरते. दोन्ही फांद्यांना स्वतंत्र दोरा दिल्यानंतरच ते सावरले. सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, दोरा देण्यात अर्थ नाही. कपाभोवती प्लास्टिकच्या बाटलीचा चार बोटे उंच कठडा उभा केला की काड्या आडव्या पडत नाहीत.

चौकटीचा एक न ठरवलेला फायदाही झाला. मूळ दिव्याची दांडी 45 सेंटिमीटरच्या वर जात नाही, म्हणून झाडाचा वरचा भाग अंधारात राहत असे. मी 20 वॅटची पांढऱ्या प्रकाशाची साधी एलईडी बॅटन एका उभ्या पाईपाला बाजूने बांधली. तिची वायर प्लगकडे नेताना मध्ये खाली झोळ ठेवला आहे, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न जाता झोळाच्या तळाशी ठिबकेल. तसेच फुलोऱ्याच्या दिवसांत रोज सकाळी आडव्या पाईपावर चमच्याने हलके ठोकले की सगळ्या दोऱ्यांना कंप जातो आणि फुलांतला पराग झडतो. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्याला फक्त हादरा हवा असतो; घरात वारा किंवा भुंगा नसल्याने तो आपणच द्यायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळे या ठोकण्यानेच धरली.

उन्हाळ्याविषयी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. एप्रिलच्या मध्यानंतर फुले येत होती आणि गळत होती. रात्रीही घर तापलेले असेल तर टोमॅटोची फळधारणा होत नाही, आणि त्यावर कोणताही दोरा, पाईप वा बांगडी काही करू शकत नाही. बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास असताना टाकीतले पाणी दुपारी 31 अंशांपर्यंत जात असे. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. मुळ्या तपकिरी होऊ लागल्या, त्याचे हे एक कारण. फ्रीजरमध्ये गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली दुपारी टाकीत सोडून मी मे महिना कसाबसा काढला. कूलरचे म्हणाल तर, तो सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी झाड एका बाजूला लोळले, कारण इतके दिवस त्याला वारा ठाऊकच नव्हता. कूलरचे तोंड थोडे फिरवून अप्रत्यक्ष झुळूक येऊ दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत नवीन खोड स्पष्टपणे जाड निघाले. पुढच्या वेळी मी रोप लहान असतानाच रोज काही तास टेबलपंखा लावणार आहे.

एकंदर चौकटीवर मी समाधानी आहे, तरी दोन तक्रारी स्वतःविरुद्ध नोंदवते. पावले पुढे 22 सेंटिमीटर येत असल्याने टेबलाची बरीच जागा अडते आणि झाकण उघडायला टाकी आडवी सरकवावी लागते. उभ्या पाईपांमधले अंतर मी आणखी दहा सेंटिमीटर ठेवायला हवे होते. दुसरे म्हणजे आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार जेथे शिंतोडे उडतात तेथे पाईपावर बसतात आणि महिन्यातून एकदा लिंबाच्या सालीने घासल्याशिवाय निघत नाहीत.

जूनच्या शेवटी जुने झाड काढले. सांधे हाताने पिळून चौकट दहा मिनिटांत सुटली, बांगड्या साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा डब्यात गेल्या आणि जुने दोरे फेकून दिले, कारण जुन्या दोऱ्याने झाडावर रोग आणण्यापेक्षा नवीन दोरा स्वस्त पडतो. या वेळी बुटक्या जातीचे बी टाकले आहे. रोप अजून चार पानांवर आहे, बोटभरही उंच नाही. चौकट मात्र त्याच्याभोवती आधीच उभी केली असून वरून दोरा सोडून ठेवला आहे.