०.८ की १ मिलिमीटर? पीसीबीला भोकं पाडण्याआधी

सांगली-मिरजेत डिप्लोमा, इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टला मोटरपंपाचा कंट्रोलर हमखास घेतात. तासगावच्या द्राक्षबागेत रात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, हा हेतू. सर्किट जुळतं, पीसीबी, म्हणजे पार्ट बसवायचा तांब्याच्या रेघांचा बोर्ड, एच होतो (नको ते तांबं रसायनात विरघळतं), आणि मग अडतं ड्रिलच्या बिटापाशी: ०.८ चं घ्यावं की १ चं?

बोर्ड घरी केलेला, एकाच बाजूला कॉपर असलेला असेल तर माझं मत ०.८ ला. आयसीचा पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायची तांब्याची चकती, १.६ मिमीचा धरा. ०.८ च्या भोकाभोवती ०.४ ची कडा उरते, १ च्या भोकाभोवती ०.३ ची. फरक किरकोळ वाटतो, पण हातातलं ड्रिल ०.२ ने सरकलं की एका अंगाला पहिल्यात ०.२ राहतं, दुसऱ्यात जेमतेम ०.१. एवढीशी कडा सोल्डरिंगच्या उष्णतेनेच सुटू शकते. या बोर्डात भोकाच्या आत तांबं नसतं. पार्टला धरतो तो फक्त पॅड. शिवाय पाव वॅट रेझिस्टरची तार ०.६ च्या आसपास, १ मध्ये ती डुगडुगते.

म्हणून सगळी भोकं आधी ०.८ ने पाडा, लागतील ती नंतर मोठी करा. बर्ग पिन (वायरचा कनेक्टर बसवायची पिन) ०.६४ ची असली तरी चौकोनी आहे, कर्ण ०.९ भरतो, तिला १ हवं. १एन४००७ डायोडलाही १. टर्मिनल कनेक्टरला साधारण १.३, एम३ स्क्रूला ३.२. कनेक्टरचे पॅड मात्र ऐसपैस ठेवा, बागेत वायर आवळताना सगळा जोर तिथेच येतो.

बोर्ड बाहेरून, प्लेटेड होलचा (भोकाच्या आतही तांब्याचा थर असलेला) करून घेणार असाल तर हिशेब बदलतो. सोल्डर भोकातून वर चढायला तारेभोवती ०.२ ते ०.३ मोकळीक लागते. रेझिस्टरला ०.८ किंवा ०.९, डायोडला १.१ द्या. इथे शंका आली तर मोठं माप घ्या, कारण घट्ट भोक नंतर वाढवायला गेलात तर आतलं तांबंच खरवडून निघतं. प्लेटिंगने भोक ०.१ पर्यंत आक्रसतं; ऑर्डर देताना माप फिनिश्ड होलचं, म्हणजे प्लेटिंगनंतरच्या भोकाचं आहे हे स्पष्ट लिहा.

बिट कुठलं? ग्लास इपॉक्सीच्या बोर्डावर एचएसएस (हाय स्पीड स्टील) लवकर बोथट होतं, कार्बाइड टिकतं. पण जरा तिरकं झालं की कार्बाइड तुटतं. स्टँड असेल तरच कार्बाइड घ्या.